पुरवठादाराची सही, मुकादमाचा कोयता आणि हळदीवरचं लेबल

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक समान धागा आहे. मोठी कंपनी ‘नैतिक आणि शाश्वत व्यवसाया’चं वचन जाहीर करते. मग त्या वचनाचा कागद फिरत फिरत वाळूजच्या शेडमध्ये, सेलूच्या जिनिंगमध्ये, माजलगावच्या फडावर येऊन पोचतो. तिथला माणूस विचारतो: याचं करायचं काय? उत्तरं देताना जे मोजता येतं आणि वहीत लिहिता येतं तेवढ्यावरच भर दिला आहे.

वाळूजमध्ये आमचं सीएनसी (संगणक-नियंत्रित मशिनांवरच्या) जॉबवर्कचं युनिट आहे, माणसं १४. मोठ्या ग्राहकाने ३८ पानांचा ‘सप्लायर कोड ऑफ कंडक्ट’ आणि ६० प्रश्नांची यादी पाठवली आहे. कार्बन किती, बालमजूर आहेत का, लाचविरोधी धोरण आहे का, असं बरंच. त्यांचा खरेदी विभाग म्हणतो, ‘सगळीकडे येस टाका, सही करा, परत पाठवा.’ तसं करावं का?

सही करायला हरकत नाही. सगळीकडे ‘येस’ टाकायला आहे.

हा कागद कुठून आला ते आधी समजून घ्या. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. त्याचा पाया केंद्र सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतली नऊ तत्त्वं. वीज, पाणी, कचरा, वेतन, तक्रारी हे सगळं त्यात आकड्यांत द्यावं लागतं आणि पुरवठादारांबद्दलही विचारणा होते. ग्राहकाचा माल जर्मनीला जात असेल तर तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू आहे. तुमचे भाग लोखंडी बोल्ट, नट, स्क्रू या सदरात युरोपला जात असतील तर तिकडच्या कार्बन सीमाशुल्कासाठीही माहिती मागतील. खरेदी विभागाला आज फक्त टिक हवी आहे. सहा महिन्यांनी जो ऑडिटर येईल, तो टिक बघत नाही.

तो बघतो ते असं. एखादा रविवार किंवा सणाचा दिवस निवडतो आणि त्या दिवशीचा प्रॉडक्शन शीट मागतो. मग हजेरीपत्रक, मग गेटची वही, मग त्या दिवशीचं डिलिव्हरी चलन. शीटवर दोन शिफ्ट चालल्या आणि हजेरीत सुट्टी लागली, की खेळ तिथेच संपतो. बहुतेक युनिटं ओव्हरटाइम केल्यामुळे अडकत नाहीत. ओव्हरटाइम लपवल्यामुळे अडकतात, कारण दुसरी वही काढली की चार ठिकाणचे आकडे जुळवत बसावं लागतं आणि ते कधीच जुळत नाहीत. तेव्हा ओव्हरटाइम हजेरीतच लिहा, दर दुप्पट लावा, पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत बँकेतून द्या.

तुमच्या १४ माणसांपुरतं बोलायचं तर ईएसआय (कामगार विमा) १० माणसांपासून लागू होतो, म्हणजे तुम्हाला लागू आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांसाठी मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. पीएफ २० माणसांपासून सक्तीचा. पण हे मोजताना लेबर कॉन्ट्रॅक्टरची माणसंही धरतात, हे अनेक जण विसरतात. कॉन्ट्रॅक्टर पीएफ भरत असेल तर नुसतं चलन घेऊन समाधान मानू नका. चलनासोबतची नावनिहाय यादी घ्या आणि तुमच्या गेटच्या वहीतली नावं तिच्याशी पडताळा. वयासाठी आधार कार्डाची झेरॉक्स पुरत नाही. शाळा सोडल्याचा दाखला फायलीत ठेवा.

लाचविरोधी धोरण चौदा माणसांच्या युनिटला एका पानाचं पुरे. ग्राहकाच्या माणसाला दिवाळीला किती रुपयांपर्यंतची भेट चालेल, कोणाच्या सहीने, आणि भंगार कसं विकायचं, एवढंच लिहा. भंगाराचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. बिनबिलाच्या रोख पैशाचा झरा बहुतेक शेडमध्ये तिथूनच फुटतो. भंगार काट्याच्या पावतीवर, बिलावर आणि बँकेतूनच विकलं, की निम्मे प्रश्न विचारायची वेळच येत नाही.

कार्बनचा प्रश्न ऐकून लोक घाबरतात, पण तो सगळ्यांत सोपा आहे. बारा महिन्यांची वीजबिलं काढा. समजा महिन्याला सरासरी ९,२०० युनिट, म्हणजे वर्षाला १,१०,४००. देशातल्या ग्रीडची वीज युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे साधारण ७७ टन. जनरेटरला वर्षात ६०० लिटर डिझेल लागलं तर लिटरला २.६८ किलोप्रमाणे १.६ टन. एकूण ७९ टनांच्या आत. हा आकडा, तो कसा काढला याची एक ओळ आणि बिलांच्या प्रती एवढं पाठवा. ‘२०३० पर्यंत शून्य करू’ असलं काही लिहू नका. त्यापेक्षा काय करणार ते लिहा, आणि सुरुवात कॉम्प्रेसरपासून करा. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद असताना कॉम्प्रेसर एकटा चालवा आणि तो किती सेकंद लोडवर जातो (हवा भरतो), किती सेकंद अनलोडवर (नुसता फिरतो), हे दहा वेळा मोजा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, गुणिले १००: एवढे टक्के हवा नुसती गळते आहे. सात बारच्या लाइनवर ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे ३ किलोवॅट खातं. दाब एक बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची ६-७ टक्के वीज वाचते. सोलरच्या आधी हे करा; खर्च टेफ्लॉन टेप आणि दोन-चार कपलिंगांचा.

प्रश्नयादीत ‘घातक कचरा’ हा एक प्रश्न असेल. तुमच्याकडे तो तीन रूपांत निघतो: जुनं हायड्रॉलिक तेल, तेलकट चिंध्या आणि खराब झालेला कूलंट (धातू कापताना थंडावा देणारं मिश्रण). पहिले दोन झाकणाच्या पिंपात, सिमेंटच्या कोब्यावर, लेबल लावून ठेवायचे आणि ९० दिवसांच्या आत अधिकृत पुनर्प्रक्रिया किंवा विल्हेवाट करणाऱ्याकडे मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) द्यायचे. वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मात्र खरी गंमत कूलंटची आहे. सोमवारी सकाळी शेड उघडली की सडका वास येतो, मग टाकी रिकामी करून सगळं गटारात जातं. वास येतो तो कूलंट जुना झाल्यामुळेच असं नाही. स्लाइडवेचं तेल वर तरंगून साय धरतं, खाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात. त्यात ऑपरेटर पातळी कमी झाली की नुसतं पाणी ओततो, त्यामुळे प्रमाण ५-८ टक्क्यांवरून दोनवर येतं. रिफ्रॅक्टोमीटर (हे प्रमाण मोजणारं उपकरण) घ्या, दर सोमवारी मोजून भिंतीवर लिहा. वरचं तेल स्किमरने काढा. भर घालताना पाणी नव्हे, तयार मिश्रण घाला. चिप्स उतरत्या ट्रेवर दिवसभर निथळू द्या. चिप्सबरोबर जाणारा कूलंट पुन्हा टाकीत येतो आणि भंगारवाला ओल्या मालाचं वजनही कापत नाही. एवढं पाळलं तर टाकी वारंवार रिकामी करावी लागत नाही.

आता सहीबद्दल. ‘आमच्या सर्व उपपुरवठादारांच्या वतीनेही हमी देतो’ असं एक कलम बहुतेक कोडमध्ये असतं. तुमचं हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर होत असेल तर ही हमी तुम्ही देऊ शकत नाही. तिथे ‘आमच्या थेट ताब्यातल्या कामापुरतं, उपपुरवठादारांना हा कोड कळवला आहे’ असं लिहून सही करा. जे आज नाही तिथे ‘नाही; अमुक तारखेपर्यंत’ असं लिहा. साठपैकी बावन्न ‘होय’ आणि आठ ‘नाही, तारखेसह’ या उत्तरावर जाणता ऑडिटर जास्त विश्वास ठेवतो.

त्याच पत्रात पुढे: ‘हाच ग्राहक आमचं बिल १२० दिवसांनी देतो. त्याबद्दल त्या ३८ पानांत एक ओळ नाही.’

नसणारच. पण कायद्यात आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. परचेस ऑर्डरवर ‘१२० दिवस’ छापलं म्हणून कायदा वाकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. ग्राहकाच्या वित्त विभागाला मार्चमध्ये तुमची आठवण येते ती यामुळे.

यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पुरवठा करण्याआधीची हवी आणि नंबर प्रत्येक बिलावर छापलेला हवा. नुसता व्यापार करणाऱ्याला हा फायदा मिळत नाही, उत्पादन किंवा सेवा लागते. तुमचं जॉबवर्क त्यात बसतं. पहिलं पाऊल भांडणाचं नको. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची झाली आहे. तिथे बिल मंजूर करून घ्या, म्हणजे बँक पैसे लगेच देते आणि ग्राहक मुदतीला बँकेला देतो. मात्र मंजुरीची टिक ग्राहकालाच करावी लागते आणि तो ती टाळतो, अडतं ते इथेच. मग वर्षाअखेरीच्या आधी थकबाकीचं पत्र त्यांच्या खरेदी विभागाला नव्हे, वित्त विभागाला आणि कंपनी सचिवाला पाठवा. ४५ दिवसांवरच्या थकबाकीचं विवरण त्यांना दर सहामाहीला कंपनी निबंधकाकडे भरावंच लागतं, त्यामुळे ते पत्र कचऱ्याच्या टोपलीत जात नाही. शेवटचा मार्ग थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

आणि तुमच्या प्लेटिंगवाल्याला तुम्ही किती दिवसांनी देता? तोही बहुधा सूक्ष्म उद्योगच असेल.

माजलगाव परिसरातल्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर आहे. आमची साखर घेणाऱ्या शीतपेय कंपनीने ऊसतोड मजुरांच्या स्थितीबद्दल विचारलं आहे. मजूर मुकादमाचे असतात, कारखान्याचे नाहीत. तसं कळवलं तर चालेल का?

चालणार नाही. ‘मुकादमाचे मजूर’ हे उत्तर गेली कित्येक वर्षं देऊन झालं आहे आणि खरेदीदाराला ते पाठ आहे. तोडणीचा कार्यक्रम तुमचा शेतकी विभाग ठरवतो, स्लिप तुमची, काटा तुमचा. उचलीचा, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेचा, पैसाही बहुतेक ठिकाणी कारखान्याच्या हमीवर उभा राहतो. मग जबाबदारी मात्र मुकादमाची, हे कोण मान्य करेल?

घोटाळा कुठे होतो ते बघू. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. हंगामभर टनाच्या दराने ती फेडायची. जोडीची तोड दिवसाला साधारण दीड-दोन टन. हिशेब मुकादमाच्या डायरीत. हंगाम संपताना डायरी म्हणते अजून इतके फिटले नाहीत, आणि ते पुढच्या वर्षावर जातात. उचल घेणं गुन्हा नाही. पण उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे जाता येत नसेल, तर १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारीच आहे. शीतपेय कंपनीचा प्रश्न, भाषा काहीही असो, याच जागेवर बोट ठेवतो.

म्हणून पहिलं काम डायरी मुकादमाच्या खिशातून बाहेर काढण्याचं. प्रत्येक कोयत्याला कारखान्याच्या शिक्क्याचं पासबुक द्या: उचल किती, तारीख, प्रत्येक खेपेचं वजन, कपात, शिल्लक. काट्यावर पावतीच्या दोनऐवजी तीन प्रती काढा आणि तिसरी गाडीवाल्याच्या हाती फडावर परत जाऊ द्या. हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात ही तिसरी प्रत ‘हरवायला’ लागते. ज्या टोळीच्या पावत्या सलग हरवतात, तिथे आधी जाऊन बघा. पंधरवड्याचं बिल थेट बँक खात्यात द्या, आणि जोडीचं निम्मं बाईच्या स्वतःच्या खात्यात. आज कोयता म्हणजे जोडी, पण हिशेबाच्या कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते आणि कागदावर कुठेच नसते.

दुसरं, खाडा. एक दिवस काम बुडलं की दंड. टनाच्या दरावर काम असताना न केलेल्या दिवसाची मजुरी आपोआप जातेच, वर दंड कशाचा? मुकादमाशी होणाऱ्या करारात ‘खाड्याचा दंड घेता येणार नाही’ हे एक कलम घाला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याची चर्चा बहुधा दवाखान्यांभोवती फिरते. पण पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी, आणि घरी थांबलं तर दंड, हा फास दवाखान्याच्या कितीतरी आधी आवळलेला असतो. तो सोडवणं कारखान्याच्या हातात आहे.

तिसरं, कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी. वीस कोयत्यांच्या तळावर चाळीस मोठी माणसं आणि साधारण वीस मुलं धरा. माणशी ४० लिटरने दिवसाला २,४०० लिटर पाणी लागतं, म्हणजे पाच हजार लिटरचा टँकर दोन दिवसांना पुरतो. पंचवीस बायांमागे किमान एक फिरतं शौचालय. ते तळापासून इतक्या अंतरावर की रात्री जाता येईल, आणि वाटेवर सोलर दिवा. हे नसेल तर शौचालयाला कुलूप लागून त्यात सरपण साठतं. रेशनकार्ड गावी आणि माणसं फडावर असं असलं तरी ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे जवळच्या दुकानातून धान्य उचलता येतं. शेतकी कर्मचाऱ्याने टोळी आल्या आल्या दुकानदाराला कल्पना दिली तरच ते प्रत्यक्षात मिळतं. शाळेसाठी टोळीतल्या मुलांची यादी पहिल्या आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, सहा ते चौदा वयाची वेगळी. आरोग्य तपासणी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, आणि तपासणीचा कागद बाईच्या हातात, मुकादमाच्या नाही.

या सगळ्याचा खर्च टनावर काढून कंपनीला कळवा आणि साखरेच्या दरात तो कोण उचलणार हे स्पष्ट विचारा. नुसती प्रश्नयादी पाठवून सचोटी विकत घेता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गणित बघावंच.

कंपनी पाण्याबद्दलही विचारेल. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. पाच हजार टन गाळपात ३५ लाख लिटर. त्यातलं काही बगॅसमध्ये (चिपाडात) ओल म्हणून जातं, पण उरलेलं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) थंड करून, प्रक्रिया करून परत वापरलं तर गाळपासाठी नदी-कालव्याचं पाणी फारच थोडं लागतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात हा आकडा अहवालात पहिल्या पानावर हवा. आणि शेतकऱ्याची एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत दिली का, नसेल तर १५ टक्के व्याज दिलं का, हेही त्याच पानावर.

सेलूला जिनिंग आहे. सूतगिरणी ‘सस्टेनेबल कापूस’ मागते आणि गाठीला थोडा जास्त भाव देते. आम्ही नेमकं काय सांगू शकतो?

‘ऑरगॅनिक’ सांगू नका. मराठवाड्यातला बहुतेक कापूस बीटी बियाण्याचा आहे आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं सेंद्रिय प्रमाणपत्रात बसत नाही. खत-औषध कमी वापरलं तरी नाही. बेटर कॉटनसारख्या योजनेत नोंदलेल्या शेतकऱ्यांचा माल असेल तर तेवढंच सांगा, आणि खरेदी त्याच आकड्याला जुळवून ठेवा. गाठ १७० किलोची, रुईचा उतारा साधारण ३४ टक्के. म्हणजे एका गाठीला ५०० किलो कापूस. शंभर गाठींवर शिक्का मारला तर नोंदलेल्या शेतकऱ्यांकडून ५०० क्विंटलची खरेदी दिसायला हवी. तपासणारा हा एकच गुणाकार करतो. खरेदी ४०० ची आणि शिक्के १०० गाठींवर, असा प्रकार अप्रामाणिकपणापेक्षा ढिगांची सरमिसळ झाल्याने जास्त होतो. ढिगाला नंबर द्या आणि एक ढीग संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

सूतगिरणीला भावापेक्षा जास्त दुखतं ते मालातल्या घाणीचं: प्लॅस्टिक सुतळी, पोत्याचे धागे, केस, गुटख्याच्या पुड्या. प्लॅस्टिकचा धागा रुईबरोबर पिंजला जातो, सुतात शिरतो आणि रंग घेत नाही. दोष दिसतो तो कापड रंगवल्यावर, जेव्हा ठाणच्या ठाण वाया गेलेलं असतं. उपाय शेतातच आहे. वेचणीला सुती ओटी, डोक्याला सुती रुमाल, भरायला सुती गाठोडी किंवा चादरी. खताची रिकामी पोती नकोत. पहिल्या वेचणीचा माल कवडी (किडकी, खराब बोंडं) आणि फरदडीपासून (हंगामानंतर ठेवलेल्या पिकाचा कापूस) वेगळा ठेवा. ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर घेऊच नका. ढीग आतून तापतो आणि रुई पिवळी पडते. शेतकऱ्याला सुती चादरी तुम्हीच हंगामाआधी द्या, माल आणताना मोजून परत घ्या.

शेतकऱ्याशी व्यवहारात कडता, म्हणजे वजनातली अंदाजे कपात, बंद करा. ओल आणि काडीकचरा मीटरवर मोजा, छापील पावतीवर लिहा, कपात त्यानुसारच. जिनवर काम करणाऱ्या बायांना धुळीसाठी मास्क, रोलरवर गार्ड, आणि ढिगाशेजारी वाळूच्या बादल्या व पाण्याची लाइन. कापसात आलेल्या खड्याची किंवा खिळ्याची ठिणगी पुरते, हे जिनिंगवाल्याला सांगायला नको.

वेचणीत चौदा वर्षांखालची मुलं मजुरीला नकोत, हे कायद्यानेच ठरलेलं आहे. पण वेचणी ऐन दिवाळीच्या सुट्टीत येते, तेव्हा आईबरोबर शेतात आलेलं मूल ओटी बांधून उभं असतं. सूतगिरणीचा माणूस नेमका त्याच आठवड्यात येतो.

नांदेडच्या वाचकाचा प्रश्न: आमच्या गोदामात ११ कामगार, त्यात बायका दोनच. लैंगिक छळ तक्रार समिती हवीच का?

हवीच. १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते, बायका किती हा प्रश्न नाही. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. वरिष्ठ महिला नसेल तर तुमच्या दुसऱ्या शाखेतली चालते. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. समिती नसल्यास दंड ५०,००० रुपयांपर्यंत. फलकावर नावं लावताना मालकाच्या पत्नीला अध्यक्ष करून मोकळं होऊ नका. तक्रार मालकाच्या भावाविरुद्ध आली तर काय कराल?

लातूरहून: एका कंपनीने आमच्या संस्थेला सीएसआर निधी देऊ केला, पण काही भाग रोखीने परत मागितला. संस्थेचं काम थांबू नये म्हणून मान्य करावं का?

नाही. सीएसआरचा पैसा म्हणजे ठरावीक आकाराच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम कायद्याने खर्च करायची असते. तो कोणाचा उपकार नाही. पैसा ठरल्या कामावर लागला असं कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. तुम्ही रोख परत दिली की तुमच्याकडे खोटी बिलं उरतात आणि सही तुमची असते. मागणी फोनवर झाली असेल तर उत्तर ईमेलवर द्या: ‘संपूर्ण रक्कम प्रकल्पावर खर्च होईल, खर्चाचं विवरण सोबत.’ मागणारा माणूस गप्प बसतो किंवा निधी जातो. कंपनीच्या ऑडिट समितीची तक्रार-पेटी सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीची आहे, ती वापरा.

वसमतची शेतकरी उत्पादक कंपनी. हळद पावडरच्या पाकिटावर ‘नैसर्गिक, रसायनमुक्त, पर्यावरणपूरक’ असं छापायचं आहे. डिझायनर म्हणतो त्याशिवाय विकली जात नाही.

तिन्ही शब्द काढा. हिरव्या दाव्यांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना ऑक्टोबर २०२४ पासून आहेत. ‘पर्यावरणपूरक’सारखा मोघम शब्द वापरला तर त्याचा नेमका अर्थ आणि पुरावा ग्राहकाला दिसेल असा द्यावा लागतो. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दंड १० लाख रुपयांपर्यंत. ‘रसायनमुक्त’ तर सिद्धच करता येत नाही. बेण्याला बुरशीनाशकात बुडवलं असेल तर तो दावा लागवडीच्या दिवशीच संपला. ‘सेंद्रिय’ लिहायचं तर एनपीओपी किंवा पीजीएस या सरकारमान्य सेंद्रिय योजनांचं प्रमाणपत्र आणि सेंद्रियचं अधिकृत चिन्ह. हंगामी पिकाला एनपीओपीत रूपांतराचा काळ दोन वर्षांचा.

त्याऐवजी जे खरं आहे ते छापा, ते जास्त विकलं जातं. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा, मग ते चिन्ह वापरता येईल. लॉट नंबर, काढणीचा महिना, गावांची नावं, कुरकुमीनचं प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे. आणि एक ओळ: ‘शिसं तपासलेलं’. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार पॉलिशच्या टप्प्यावर होतो, पावडर करताना नव्हे. म्हणून पॉलिश बाहेरच्या ड्रमवर करू नका. केलंच तर आधी ड्रम रिकामा धुऊन घ्या, कारण आदल्या दिवशीच्या मालाचा रंग तुमच्या हळकुंडांना लागतो आणि नमुना तुमचा नापास होतो. पाण्याच्या ग्लासात चिमूट टाकण्याच्या घरगुती चाचणीवर शिशासाठी विसंबू नका, लॉटमागे प्रयोगशाळेचा अहवालच घ्या.

बाकी गुणवत्ता शिजवण्यात जाते. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत शिजवा, गड्डे आणि हळकुंडं वेगळी. कमी शिजलं तर हळकुंड आतून पांढरट आणि ठिसूळ, जास्त शिजलं तर रंग उतरतो. वाळवण १०-१५ दिवस, सिमेंटच्या ओट्यावर किंवा ताडपत्रीवर, पाच-सात सेंटिमीटरचा थर. मातीवर वाळवलं की बुरशी आणि पुढे अफलाटॉक्सिन. मोडल्यावर खणखणीत आवाज आला आणि ओल १० टक्क्यांच्या आत असली की पोती भरा. शिजवायच्या कुकरखाली काय जाळता हेही बघून ठेवा. खरेदीदार आला की टायरचे तुकडे त्याला पाकिटावरच्या मजकुराआधी दिसतात.